फुलोऱ्याची वेणी : नांदेडाहून लातुरास

मराठींतील ‘वेणीफणी’ या जोडशब्दांत जो ओलावा आहे तो नुसत्या ‘वेणी’ किंवा नुसत्या ‘फणी’ या शब्दांत नाहीं. वेणी स्वतःची स्वतःला घालतां येते, फणीहि एकटीनें फिरवितां येते. परंतु वेणीफणी म्हटली कीं दोन बायका डोळ्यांसमोर उभ्या राहतात, एक पुढें बसलेली आणि एक तिच्या मागें. सासरीं नांदणाऱ्या मुलीचे केस दुसऱ्या कोणीं निवांतपणें विंचरून देण्याचा प्रसंग पूर्वीं फार करून माहेरींच येई. हें ध्यानांत घेतलें म्हणजे भाद्रपदांत मराठवाड्याकडे महालक्ष्म्यांच्या मस्तकावर जो फुलोरा टांगतात, त्यांत करंज्या, साटोऱ्या व पापड्या यांच्या जोडीला पिठाची वेणी आणि पिठाची फणी कां असते, याचा उलगडा होतो. तीन दिवसांकरितां माहेरीं आलेल्या लेकीची ती वेणीफणी आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं घरें मूळचीं कोकणांतील, त्यांना हा प्रकार अपरिचित असेल. त्यांच्याकडे गौरी खड्यांच्या; पाणवठ्यावर जावें, पांच किंवा सात खडे वेंचावे, वाटेंत कोणाशीं न बोलतां ते घरीं आणावे, कीं गौर आली. नांदेड, परभणी, लातूर या बाजूस मात्र महालक्ष्म्या उभ्या असतात. सांगाड्यावर मुखवटे बसवितात, लुगडीं नेसवितात, आणि ज्येष्ठा व कनिष्ठा अशा दोघी बहिणी शेजारीं शेजारीं उभ्या करितात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. जेवणास पुरणपोळी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या. त्यांच्या डोक्यावर कामट्यांची किंवा लांकडी पट्ट्यांची एक चौकट आडवी टांगतात. तिला मंडपी म्हणतात. तिला दोऱ्यांनीं जे तळलेले पदार्थ लोंबते सोडतात तो फुलोरा. त्यांत काय असावें यास एक नियम नाहीं, ज्याच्या त्याच्या घरचा कुळाचार. कोठें कुंकवाचा करंडा, मंगळसूत्र व जोडवीं हींहि पिठाचीं करितात. वेणी आणि फणी मात्र पुष्कळ घरीं सांपडतात.

पिठाची वेणी घालण्याची कल्पना आपल्याच देशांत निघाली असें नव्हे. ज्यू लोक शनिवारच्या विश्रांतिदिनास आदल्या संध्याकाळीं जो पाव मोडतात तो बहुधा वेणीचा असतो. अरण्यांत त्यांच्या पूर्वजांस त्या वारापुरतें दुप्पट अन्न आकाशांतून मिळालें, त्याची आठवण म्हणून ताटांत दोन पाव ठेवून वर वस्त्र झांकतात. त्या पावाचें नांव मराठी कानास ‘खाल्ला’ असें ऐकूं येतें, हा एक गमतीचा योगायोग. ग्रीक लोक ईस्टरच्या सणाला गोड पावाची वेणी करून तिच्या पेडांत लाल रंगविलेलें अंडें बसवितात. स्वित्झर्लंडांत रविवारच्या न्याहारीस लोण्याची वेणी असते. आणि फिनलंडसारख्या थंड मुलुखांत वेणीच्या गोड पावांत वेलदोड्याची पूड घालतात. आपल्या मलबाराकडील वेलदोडा कोठल्या कोठें जाऊन कोणाच्या वेणींत बसला! उलट आपल्या कोकणांतले मराठी बोलणारे बेने इस्राएल पहावे, तर त्यांचा मंगल प्रसंगाचा नैवेद्य पोहे, नारळ आणि फळें यांचा मलिदा. धर्म जुना, परंतु जिन्नस ज्या भूमींत राहिले त्या भूमीचे.

त्यांची वेणी भाजलेली आणि आपली तळलेली, यांतहि धर्मापेक्षां चुलीचा वांटा मोठा आहे. चोहोंकडून ऊब धरणारी भट्टी थंड देशांत घरोघर किंवा गांवोगांव असे. आपली चूल खालून तापते. तिच्यावर तवा बसतो किंवा कढई. भट्टी आपल्याकडे बाजारांत राहिली, सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत ती कधीं शिरली नाहीं. शिवाय पावाविषयीं आपल्या जुन्या घरांचा ग्रह कसा होता तें सर्वांस ठाऊक आहे. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमधील चहाबिस्किटांवरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झालें, तेथें आंबविलेल्या पावाची वेणी देवीच्या डोक्यावर कोण टांगणार? कढईंतील तुपाला मात्र कोणाची हरकत नव्हती. पाण्याऐवजीं दुधांत भिजविलेलें आणि तुपांत तळलेलें अन्न सोंवळ्याओंवळ्याच्या नियमांतून बरेंच सुटतें. प्रवासाला दशमी न्यावयाची ती याच न्यायानें. फुलोराहि दुधांतला आणि तुपांतला. म्हणून तो तीन दिवस टांगला तरी टिकतो आणि प्रसंग पडल्यास गांवाहून गांवाला नेतां येतो. असा प्रसंग आम्हीं स्वतः पाहिला, तोच येथें सांगावयाचा आहे.

२०२४ च्या सप्टेंबरांत आम्ही नांदेडास उतरलों तेव्हां गणपति बसून एकच दिवस झाला होता. महिन्याच्या आरंभीं नांदेड, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली होती. गोदावरी गढूळ आणि फुगलेली होती, आणि घाटांच्या खालच्या पायऱ्या अजून उघड्या पडल्या नव्हत्या. नांदेड म्हटलें कीं परप्रांतीयांस सचखंड गुरुद्वारा आठवतो. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं येथें देह ठेविला, तेव्हांपासून पंजाब आणि हें गांव यांचा संबंध तुटला नाहीं. स्टेशनांतून बाहेर पडतांच त्याचा प्रत्यय येतो. आम्हांस मात्र जावयाचें होतें जुन्या वस्तींत, गाडीपुऱ्याकडे. तेथें आमच्या मावशींचा वाडा. मावशींचें वय त्या वेळीं ८२, आणि वाड्याचा सौदा होऊन चुकला होता. दिवाळीनंतर तो पाडावयाचा होता.

या घरची रीत अशी कीं, महालक्ष्म्यांची पूजा धाकट्या जाऊबाईंकडे आणि पाकसिद्धि मावशींकडे. मावशींचे यजमान ३१ वर्षांपूर्वीं वारले. तेव्हांपासून देवीला हळदकुंकू वाहणें, ओटी भरणें, फुलोरा बांधणें, यांपैकीं कशालाहि त्यांनीं हात लाविला नाहीं. परंतु फुलोरा तळला तो दरवर्षीं त्यांनींच. तळून झाला कीं परात माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आणून त्या खालीं ठेवीत. उंबऱ्यापलीकडून जाऊबाई ती उचलीत. दोघींची यांत कधीं बोलाचाल झाली नाहीं. जाऊबाई दोन वर्षांपूर्वीं गेल्या. मागल्या वर्षीं लातूरची सून, म्हणजे जाऊबाईंच्या मुलाची बायको, रजा काढून नांदेडास आली आणि पूजा करून गेली. यंदा वाडाच राहत नाहीं, तेव्हां मुखवटे लातुरास न्यावयाचे आणि महालक्ष्म्या यापुढें तेथेंच बसवावयाच्या, असें ठरलें होतें. मावशींनाहि तेथेंच जावयाचें होतें. त्यांनीं एवढेंच सांगितलें, “फुलोरा मी इथून करून नेते. तिथली शेगडी माझ्या ओळखीची नाहीं.”

सोमवारीं पहांटे त्यांनीं पीठ काढलें. बारीक रवा आणि मैदा निमेनिम, त्यावर कडकडीत तुपाचें मोहन, दुधांत विरघळविलेली साखर, मीठ नखावर राहील एवढें. पीठ घट्ट भिजवून ओल्या फडक्याखालीं दोन तास ठेविलें. मग पाट्यावर वरवंट्यानें कुटावयास घेतलें. हें कुटणें म्हणजे या पदार्थाचा प्राण होय. रवा दूध पितो, फुगतो, आणि कुटल्यानें त्याचा कण मोडून पिठास लोण्यासारखी लवचीकता येते. ती आल्याशिवाय पेड वळतां वळतां तुटतो. मावशींचें मनगट आतां साथ देत नाहीं. कुटण्याचें काम आम्हांकडे आलें. त्या शेजारीं पाटावर बसून पिठाचा आवाज ऐकत होत्या. “अजून खर्र वाजतंय,” असें त्या तीनदां म्हणाल्या. चौथ्यांदा कांहीं बोलल्या नाहींत, तेव्हां आम्हीं थांबलों.

पेड फुलवातीपेक्षां जाड आणि करंगळीपेक्षां बारीक. तीन पेड वीतभर लांबीचे वळून त्यांचीं वरचीं टोंकें एकत्र चिमटावयाचीं, आणि मग डावा मधल्यावरून, उजवा मधल्यावरून. पांचपेडी वेणी सासूबाई घालीत, असें मावशी म्हणाल्या. ती दिसावयास राजस, परंतु आंतला पेड कच्चा राहण्याचें भय. वेणी घालून झाली कीं वरच्या टोंकावर पिठाची वाटोळी राखडी चिकटवावयाची, खालच्या टोंकाला सुरीनें बारीक चिरा देऊन गोंडा उलगडावयाचा, आणि राखडीच्या खालीं काडीनें दोऱ्यापुरतें भोंक पाडावयाचें. फणी सोपी, जाडसर लाटलेल्या पट्टीला कातण्यानें एका बाजूस दांते पाडले कीं झालें. तळणें हेंच खरें कसोटीचें काम. साखर अधिक पडली तर वेणी बाहेरून काळवंडते आणि आंत कच्ची राहते. मोहन अधिक पडलें तर तुपांत ती हसते. अनरसा हसतो हें ठाऊक होतें, वेणीहि हसते हें आम्हांस नवें होतें. एक एक पेड वेगळा होऊन तुपावर तरंगूं लागतो, आणि तें पाहून तळणारीला हसूं येत नाहीं. यासाठीं आंच अगदीं मंद. वेणी कढईंत सोडली कीं झारा लावावयाचा नाहीं, आपण होऊन वर येईपर्यंत वाट पाहावयाची, आणि एकदांच उलटावयाची. त्या दिवशीं एकहि हसली नाहीं.

अशा चार वेण्या झाल्या : दोघींच्या दोन आणि वरच्या दोन. मोडकें देवाला चालत नाहीं म्हणून वरच्या करण्याची चाल आहे. निवत ठेवलेल्या त्या वेण्यांकडे पाहून मावशींनीं सासूबाईंची गोष्ट काढली, ती अशी.

१९४८ सालींहि महालक्ष्म्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांतच आल्या होत्या. रझाकारांच्या भयानें निजामाच्या मुलुखांतील पुष्कळ कुटुंबें सरहद्दीपलीकडे गेलीं होतीं. नांदेडच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड लागे आणि तेथें निजामाची सत्ता संपे. हें कुटुंब बैलगाडीनें उमरखेडास गेलें आणि एका ओळखीच्या घरच्या पडवींत राहिलें. मुखवटे वाड्यांतच राहिले होते. सासूबाईंनीं दोन तांब्यांवर हळदीनें डोळे व नाक रेखून त्याच महालक्ष्म्या मांडल्या. मैदा मिळाला नाहीं. ज्वारीचें पीठ होतें, परंतु ज्वारीला चिकटपणा नाहीं; तिचा पेड वळत नाहीं आणि वेणी तर होतच नाहीं. शेवटीं घरमालकिणीनें पसाभर कणीक दिली. ती गुळाच्या पाण्यांत भिजवून सासूबाईंनीं बोटाएवढ्या दोन वेण्या केल्या आणि करडईच्या तेलांत तळल्या. करंजी नाहीं, साटोरी नाहीं, फक्त वेण्या. बाकी सर्व टाळलें आणि वेणी मात्र टाळली नाहीं. त्या दिवसांच्या मागोमाग, १३ सप्टेंबरला, हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें, आणि १७ तारखेस निजामानें शरणागति दिली. कुटुंब परत आलें तेव्हां मुखवटे कोनाड्यांत जागच्या जागीं होते.

दुपारीं आम्ही निघालों. पितळी डब्याच्या तळाशीं चुरमुऱ्यांचा थर, त्यावर वेण्या, पुन्हा चुरमुरे, वर फण्या, अशी मांडणी करून तो डबा मावशींनीं मोटारींत मांडीवर घेतला. मुखवटे जुन्या रेशमी लुगड्यांत गुंडाळून आमच्या मांडीवर.

नांदेडाहून लातूर सुमारें १४० किलोमीटर. गोदावरी मागें टाकली कीं रस्ता लोह्यावरून बालाघाटाच्या उंचवट्याकडे चढूं लागतो. वाटेंत माळेगांव लागतें; हिवाळ्यांत खंडोबाच्या यात्रेला येथें घोडे, उंट व गाढवें यांचा मोठा बाजार भरतो, परंतु भाद्रपदांत तेथें चिखल आणि शांतता. डावीकडे कंधारचा फांटा गेला. राष्ट्रकूटांच्या वेळचें तें गांव आणि तेथील भुईकोट स्वतंत्रपणें पाहावयास पाहिजे. मांडीवर मुखवटे घेऊन किल्ला पाहणें शोभलें नसतें. पुढें अहमदपूर, मग चाकूर. दोन्ही बाजूंस काळी जमीन आणि तिच्यावर क्षितिजापर्यंत सोयाबीन. मावशींना हें पीक आवडत नाहीं. त्यांच्या आठवणींतल्या या रस्त्याला ज्वारी होती, मूग-उडीद होते, आणि पुढें थंडींत करडई. “सगळं एकाच रंगाचं झालंय,” असें म्हणून त्यांनीं डोळे मिटले, परंतु डब्यावरचे हात सैल सोडले नाहींत. अहमदपुराच्या अलीकडे पावसानें रस्ता खचला होता आणि शेताच्या कडेनें तात्पुरती वाट काढलेली होती. तेथें तीन-चार हिसके असे बसले कीं मुखवटे आमच्या हातांतून निसटतां निसटतां राहिले. मावशींनीं डबा कानाशीं नेऊन हलवून पाहिला, आणि लातूर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहींत.

लातूर हें राष्ट्रकूटांच्या बिरुदांतलें लट्टलूर. पूर्वीं उस्मानाबाद जिल्ह्यांत असलेलें हें गांव १९८२ पासून स्वतः जिल्ह्याचें ठिकाण आहे. धान्याच्या बाजारपेठेमुळें आणि अलीकडे परीक्षांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळें त्याचें नांव झालें. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें त्यामुळेंहि झालें. पुतण्याचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. दाराशीं सूनबाईंनीं मावशींच्या पायांवर पाणी घातलें, आणि पहिलें काम म्हणून डबा उघडला.

चार वेण्यांपैकीं तीन मोडल्या होत्या. सर्व एकाच जागीं, राखडीपासून तिसऱ्या पिळाशीं. एक मात्र धड होती. फण्या सर्व शाबूत.

आणखी एक वेणी पाहिजे होती, आणि दुसऱ्या दिवशीं आवाहन. सूनबाईंचें माहेर रत्नागिरीकडलें, तेथें खड्यांची गौर. फुलोरा त्यांनीं सासरीं येईपर्यंत पाहिला नव्हता आणि स्वतः कधीं केला नव्हता. बँकेंत नोकरी, सात वर्षांची मुलगी. पुतण्या म्हणाला कीं खालीं बाजारांत तयार वेणीफणी मिळते, दहा मिनिटांत घेऊन येतों. कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईंनीं पदर खोंचला आणि मावशींना विचारलें, “काकू, बारीक रवा आणायला हवा ना?”

रवा आणावयास आम्ही गोलाईंत गेलों. लातूरच्या गंजगोलाईची रचना फैयाजुद्दीन नांवाच्या नगररचनाकारानें केली, आणि मधली दुमजली गोल इमारत १९४५ सालीं उभी राहिली. मध्यभागीं देवीचें मंदिर, आणि तेथून चक्राच्या आऱ्यांप्रमाणें रस्ते फुटलेले. एकावर सोनेंनाणें, एकावर गूळ, एकावर मिरची. रस्ते सोळा आहेत. महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्रीं सोळा भाज्यांसाठीं सोळा रस्त्यांनीं लोटलेली गर्दी पाहून, नगररचना करणाऱ्या त्या गृहस्थास आपल्या सोळांची गोष्ट ठाऊक होती कीं काय, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. योगायोगच असावा, परंतु गोड आहे.

रात्रीं साडेनवास पीठ कुटून झालें. पाट्याऐवजीं लोखंडी खलबत्ता, तोहि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडास आवाज जाऊं नये म्हणून घडी घातलेल्या सतरंजीवर. मावशींनीं एक पेड वळून दाखविला, दुसरा वळतांना त्यांचा हात थरथरला आणि पेड तुटला. त्यांनीं तो तुकडा पिठांत परत मिसळला व हात पुसले.

“तूं घाल,” त्या म्हणाल्या.

“काकू, मला नाहीं येणार. बिघडली तर?”

“रोज सकाळीं पोरीची घालतेस ना शाळेला जातांना? तश्शीच घाल. फक्त ओढूं नको. आईच्या हातची घाईची असते. ही माहेरची आहे, हिला घाई नाहीं.”

सूनबाईंनीं पहिली घातली ती ओढलीच. मधला पेड ताणून बारीक झाला. मावशींनीं ती कढईंत सोडूं दिली. तुपांत पडतांच ती हसली. दुसरीला मुलगी उठून आली आणि आईच्या गुडघ्याला टेकून बसली. सूनबाईंचा एक हात नकळत मुलीच्या केसांवरून फिरला, आणि मग त्यांनीं पेड हातांत घेतले. ही वेणी जरा आंखूड झाली, एका बाजूस फुगीर झाली, गोंडा नीट उलगडला नाहीं. परंतु वर आली ती अखंड, बदामी रंगाची. मावशींनीं ती चाळणींत निवत ठेविली आणि स्वतःच्या वेणीशेजारीं लावून पाहिली. लांबी जुळत नव्हती. “चालेल,” म्हणाल्या, “बहिणी बहिणी आहेत, जुळ्या नव्हेत.”

मंगळवारीं दुपारीं फुलोरा बांधावयाची वेळ आली. मंडपी दिवाणखान्यांत छताच्या कड्यांना अगोदरच टांगलेली होती. मावशींनीं परात उचलली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली आणि ३१ वर्षांच्या संवयीनें दाराच्या आंत खालीं ठेविली. सूनबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनीं यजमानांना हांक मारली, मंडपी कड्यांतून काढावयास सांगितली, आणि ती आणून स्वयंपाकघरांत मावशींच्या पुढें फरशीवर ठेविली. “मला गांठी नाहीं मारतां येत,” त्या म्हणाल्या, “उंची पण तुम्हांलाच ठाऊक. तुम्ही बांधा, मग आम्ही टांगतो.” मावशींनीं एकदां त्यांच्याकडे पाहिलें, एकदां दोऱ्याकडे पाहिलें. नंतर त्यांनीं दोरा ओला करून सुईंत ओंवला. एक करंजी, एक साटोरी, एक फणी, असें करीत सबंध फुलोरा त्यांनीं बांधला. वेण्या सर्वांत शेवटीं. अर्धा तास लागला. गांठी एकसारख्या होत्या.

विधवेनें फुलोऱ्याला हात लावूं नये हा दंडक कोणत्या ग्रंथांत आहे तें आम्हांस अजून कोणीं दाखविलेलें नाहीं. ज्या हातांनीं पीठ भिजविलें, तळलें आणि नैवेद्य रांधला, ते हात दोऱ्याच्या एका गांठीपाशीं कसे अपवित्र होतात, याचें उत्तर आमच्या वाचकांपैकीं कोणा शास्त्र्यानें द्यावें. परंतु येथें वाद घालण्याची पाळीच आली नाहीं. उंबरा ओलांडावयास कोणीं कोणास सांगितलें नाहीं. मंडपी उंबऱ्याच्या आंत आली, एवढेंच.

संध्याकाळीं आवाहन झालें. रांगोळीचीं पाउलें तिसऱ्या मजल्याच्या लिफ्टपासून दारापर्यंत काढलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं, ज्येष्ठा नक्षत्रावर, पुरणाचा नैवेद्य. हळदकुंकवास इमारतींतल्या आणि शेजारच्या बऱ्याच बायका आल्या. त्यांच्यापैकीं एकीनें आपल्या घरचा विकतचा फुलोरा वर्णन केला. सर्व पदार्थ एका आकाराचे, स्वच्छ, कागदी खोक्यांत येतात. त्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. दिवसभर कचेरींत काम करून घरीं येणाऱ्या बाईनें कढईपुढें आणखी चार तास बसावें असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. एक भेद मात्र सांगितला पाहिजे. तेथील जी वेणी आम्हीं पाहिली ती साच्यांत दाबून काढलेली होती. वरून पेडांच्या रेघा, खालून सपाट. ती वेणी नव्हे, वेणीचें चित्र. घातलेली वेणी उलटी केली तरी वेणीच असते, हें त्या दिवशीं जमलेल्या लहान मुलींनींसुद्धां उलटून पाहून ताडलें.

ज्येष्ठेच्या डोक्यावर नांदेडची वेणी होती आणि कनिष्ठेच्या डोक्यावर लातूरची. गुरुवारीं मूळ नक्षत्रावर अक्षता पडल्या, मुखवटे उतरले, मंडपी खालीं आली. नांदेडची वेणी प्रसाद म्हणून तुकडे करून सर्वांस वांटली. लातूरची वेणी मुलीनें दुधांत बुडवून एकटीनें खाल्ली, आणि खातांना पेड एक एक उलगडून पाहिला.

निघण्यापूर्वीं सूनबाईंनीं मावशींच्या मुठी काट्यावर मोजून घेतल्या, तें प्रमाण आमच्या वाचकभगिनींच्या उपयोगी पडेल. बारीक रवा २५० ग्राम, मैदा २५० ग्राम, मोहनाचें तूप ७५ ग्राम, पिठीसाखर ६० ग्राम, मीठ चिमूटभर. यांत वीतभर लांबीच्या चार वेण्या व चार फण्या होऊन थोडें पीठ उरतें. त्याच्या पुऱ्या कराव्या. दुधाचें माप मात्र मावशींनीं लिहूं दिलें नाहीं. भाद्रपदांत पाऊस लागला असला तर रवा कमी दूध पितो, ऊन पडलें असलें तर अधिक. तेव्हां तें त्या दिवशींच्या हवेला विचारून घालावें, असें त्यांनीं सांगितलें, आणि वहीच्या त्या ओळीवर सूनबाईंनीं जागा कोरी ठेविली.